पदवी स्तरावरील शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापन : धार-देवासच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

आरोग्यक्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी ज्या विषयाला सामोरे जावे लागते तो विषय म्हणजे शरीरक्रियाशास्त्र होय. एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांपैकी कोणताही अभ्यासक्रम घेतला तरी हा विषय चुकत नाही. बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्रातही त्याचा मोठा भाग येतो. तरीही सर्वाधिक पाठांतर करून सर्वात लवकर विसरला जाणारा विषय हाच आहे, हा आपणा अध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. याचे कारण काय? बहुतेक वेळा दोष माध्यमाच्या भाषेला दिला जातो. हे निदान कितपत बरोबर आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी माळव्यातील धार व देवास हे दोन जिल्हे संदर्भ म्हणून घेतले आहेत.

ही निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण भाषेचे. धार आणि देवासची थोरली व धाकटी पाती ही पवार घराण्याची मराठी संस्थाने होती. १९४८ साली ती मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात गेली. तेथील मराठी घरातील मूल घरी मराठी, रस्त्यावर माळवी, शाळेत हिंदी आणि विज्ञानाच्या महाविद्यालयात इंग्रजी अशा चार भाषांतून जाते. उर्दू बोलणाऱ्या मुस्लिम घरातील मुलाची वाटही जवळपास अशीच असते. दुसरे कारण असे की, वैद्यकशास्त्र मातृभाषेतून किंवा राज्यभाषेतून शिकवण्याचा अलीकडचा सर्वात मोठा सरकारी प्रयोग याच राज्यात झाला.

हिंदी पाठ्यपुस्तकांचा प्रयोग :

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते एमबीबीएस प्रथम वर्षाच्या हिंदी पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन झाले. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे त्यातील तीन विषय होत. ही पुस्तके स्वतंत्रपणे लिहिलेली नसून प्रचलित इंग्रजी पाठ्यपुस्तकांवरून तयार केलेली आहेत. त्यांतील पारिभाषिक संज्ञा मोठ्या प्रमाणावर इंग्रजीच ठेवून देवनागरीत लिहिल्या आहेत. या पद्धतीची त्या वेळी बरीच टिंगल झाली. शब्द इंग्रजीच ठेवायचे तर हे भाषांतर कसले, असा प्रश्न विचारला गेला.

प्रस्तुत लेखकाच्या मते टिंगल करणाऱ्यांचा नेम चुकला. 'हार्मोन', 'अल्व्हिओलस', 'हिमोग्लोबिन' हे शब्द आहेत तसे ठेवण्यात काहीच गैर नाही. इस्पितळातील केसपेपर, औषधाची चिठ्ठी आणि पुढील शिक्षण यांत हेच शब्द येणार आहेत. नामे परकी असली तरी विद्यार्थी ती चार दिवसांत आपलीशी करतो. नर्सिंगच्या पहिल्या सत्रातील विद्यार्थिनी 'बीपी' आणि 'पल्स' हे शब्द महिन्याभरात घरच्यासारखे वापरू लागते.

खरी अडचण क्रियापदांची आणि त्यांना जोडणाऱ्या 'म्हणून', 'त्यामुळे', 'नाहीतर', 'तोपर्यंत' या अव्ययांची आहे. विषयाच्या नावातच 'क्रिया' हा शब्द आहे. काय वाढले, म्हणून काय घटले, आणि ते घटल्यामुळे पुन्हा काय थांबले, ही साखळी म्हणजेच हा विषय. हे वाक्य पाहावे : फुफ्फुसाचा कॉम्प्लायन्स कमी झाला की श्वास आत घ्यायला जोर जास्त लागतो, जोर लागू लागला की रुग्ण उथळ पण भरभर श्वास घेऊ लागतो, आणि उथळ श्वासातली बरीचशी हवा श्वासनलिकेतच राहून परत जाते, म्हणून धाप लागूनही उपयोग होत नाही. या वाक्यात परका पारिभाषिक शब्द एकच आहे. बाकी सर्व घरची भाषा आहे, आणि विद्यार्थ्याला समजते ते तिच्यामुळेच.

तयार इंग्रजी ग्रंथावरून केलेल्या पुस्तकात प्रकरणांचा क्रम, उदाहरणे आणि युक्तिवादाची चाल मूळ ग्रंथाचीच राहते. लिपी बदलली तरी विचार करण्याची सोय होत नाही. २०२५ साली जबलपूरच्या वैद्यकीय विद्यापीठाला हिंदीतून परीक्षा देणाऱ्यांसाठी शुल्कात सवलत व रोख पारितोषिके जाहीर करावी लागली. नुसते पुस्तक हाती दिल्याने विद्यार्थी त्या भाषेकडे वळत नाही, एवढे यावरून दिसून येते.

उस्मानियाचा अनुभव आणि विषयाची तीन नावे :

आपल्या वाचकांना याहून जुना प्रयोग ठाऊक असेल. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१७ साली भाषांतर विभाग, म्हणजे दारुल तर्जुमा, स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. तेथे विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. अरबी-फारसी धातूंवरून हजारो संज्ञा मोठ्या कष्टाने व विद्वत्तेने घडवण्यात आल्या. भारतीय भाषेतून वैद्यक शिकवता येते, हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु १९४८ नंतर राज्य बदलले, माध्यम बदलले आणि त्या संज्ञांचा वर्गातला आधारही गेला. संज्ञा राजाश्रयावर जगतात. कार्यकारणाची साखळी एकदा समजली की ती कोणत्याही माध्यमात विद्यार्थ्याबरोबर जाते. भोपाळच्या प्रयोगालाही हा धडा लागू पडतो.

आजही माळव्यातील विद्यार्थ्याला हा विषय तीन नावांनी भेटू शकतो. आधुनिक वैद्यकात तो 'फिजिओलॉजी' आहे, आयुर्वेद महाविद्यालयात 'क्रिया शारीर' आहे, तर बुऱ्हाणपूर वा भोपाळच्या युनानी महाविद्यालयात 'मनाफे-उल-आझा' आहे. शेवटच्या नावाचा अर्थ 'अवयवांचे उपयोग' असा होतो. गॅलेन या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्याच्या ग्रंथाला अरबी भाषांतरात हेच नाव मिळाले होते. अवयव कशासाठी आहे हे सांगणे आणि तो कसा चालतो हे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस (मृत्यू १२८८) याने गॅलेनच्याच मतावर 'कसे' हा प्रश्न टाकला. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्रे नाहीत, मग रक्त उजवीकडून डावीकडे जाते कसे? ते फुफ्फुसातूनच गेले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. हे उदाहरण पूर्वजांच्या गौरवासाठी दिले जाते. ते एका चांगल्या प्रश्नाचा नमुना म्हणून वर्गात जास्त उपयोगी पडेल. आपल्या प्रश्नपत्रिका मात्र अजून 'उपयोग लिहा', 'व्याख्या लिहा', 'टीपा लिहा' यांच्याच पायरीवर उभ्या आहेत.

पाठ्यपुस्तकातील माणूस कोण?

भाषेपेक्षा मोठा दुसरा दोष आहे, आणि त्याची चर्चा होत नाही. पाठ्यपुस्तकातील आकडे ज्या शरीराचे असतात तो सत्तर किलो वजनाचा, निरोगी, तरुण, बहुधा पाश्चात्त्य पुरुष असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रमाण भारतीय पुरुषाचे वजन ६५ किलो आणि स्त्रीचे ५५ किलो धरले आहे. धारच्या आदिवासी पाड्यावरील शेतमजूर स्त्री यांपैकी कोणत्याच आकड्यात बसत नाही. प्रमाण शरीर हवे, कारण त्यावाचून मोजमाप होत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या आसपासची शरीरे पुस्तकात कोठेच आली नाहीत, तर हे शास्त्र दूरच्या कोणा माणसाचे वर्णन आहे अशीच त्याची समजूत होते. वास्तविक धार-देवासला या विषयाची उत्तम उदाहरणे दारातच आहेत. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत.

(१) देवास : एका फुफ्फुसाचे गाणे.

कुमार गंधर्व १९४८ च्या सुरुवातीला क्षयाने आजारी अवस्थेत देवासला आले. तेथील कोरडी हवा मानवेल हा त्यामागचा हेतू होता. त्यांचे एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. १९५३ पासून ते पुन्हा गाऊ लागले आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत देवासलाच राहिले. ही हकीकत माळव्यात व महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. परंतु शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात 'एका फुफ्फुसावर माणूस गाऊ कसा शकतो?' असा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

त्याचे उत्तर पुस्तकातच आहे. विश्रांतीत आपण एका श्वासाला सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडला तर निरोगी पुरुषात ती साडेचार लिटरच्या आसपास भरते. म्हणजे एरवी आपण फुफ्फुसाच्या ताकदीचा नववा हिस्साच वापरतो. निम्मी ताकद गेली तरी बसल्या जागी काहीच जाणवत नाही. रक्ताचेही तसेच आहे. दर मिनिटाला पाच लिटर रक्त फुफ्फुसातून जाते. विश्रांतीत तेथील सर्व केशवाहिन्या उघड्या नसतात. एका बाजूची वाट बंद झाली की दुसऱ्या बाजूच्या मिटलेल्या वाहिन्या उघडतात आणि दाब फारसा न वाढता सर्व रक्त तिकडून जाते. शिवाय क्षयाने नष्ट झालेल्या भागातील रक्तवाहिन्याही नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे हवा नसलेल्या जागी रक्त वाया जात नाही.

गाण्याचा प्रश्न मात्र याने पूर्ण सुटत नाही. मराठीत 'दमसास' असा एक सुंदर शब्द आहे. पुस्तकातील 'व्हायटल कपॅसिटी'शी तो जुळता वाटतो, पण तेवढाच नाही. दमसासात किती हवा भरली यापेक्षा ती किती सावकाश व किती काबूत सोडली हे महत्त्वाचे असते. फुफ्फुस स्वतःच्या ताणाने आकसू पाहते आणि श्वास आत घेणारे स्नायू त्याला लगाम घालून ठेवतात. गायकाचा रियाज हा या लगामाचाही रियाज असतो. कुमारांच्या गायकीतील छोट्या स्वरवाक्यांचा संबंध आजाराशी जोडला जातो. त्याचा निर्णय संगीतसमीक्षकांनी करावा. शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याने राखीव शक्ती आणि नियंत्रण या दोन कल्पना येथून उचलाव्यात.

(२) धार : दोन्ही फुफ्फुसांची धूळ.

आता शेजारच्या जिल्ह्याकडे वळू. धार, झाबुआ व अलिराजपूर या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबे पोट भरण्यासाठी गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत जात. तेथून कित्येक जण सिलिकोसिस घेऊन परतले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली मध्य प्रदेशातील अशा २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस गुजरात सरकारला केली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम देण्याचा आदेश दिला.

यातील शरीरक्रिया समजून घेण्यासारखी आहे. धुळीचे मोठे कण नाक व श्वासनलिका अडवतात. पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशात पोहोचतात. तेथील भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते, आणि प्रत्येक फेरीत थोडा व्रण उरतो. फुफ्फुस ताठ होत जाते. ही क्रिया एका बाजूला न होता दोन्ही फुफ्फुसांत सर्वत्र होते. म्हणून देवासच्या उदाहरणात जी राखीव शक्ती कामी आली तीच येथे नष्ट होते. एक फुफ्फुस गमावलेला माणूस चाळीस वर्षे गाऊ शकतो, आणि दोन्ही फुफ्फुसे जागेवर असलेला तरुण कामगार दोन पायऱ्या चढू शकत नाही. हे दोन रुग्ण शेजारी ठेवले की 'राखीव शक्ती' ही संज्ञा पाठ करावी लागत नाही.

यात विद्यार्थ्यापुढचा व्यावहारिक प्रश्नही आहे. सिलिकोसिसचा रुग्ण पुष्कळदा क्षयाचा समजला जातो आणि क्षयाची औषधे घेत राहतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे गुंता वाढतो. अशा वेळी 'कोठे काम करत होतात?' हा एक प्रश्न विचारणारी परिचारिका किंवा तंत्रज्ञ निदानाची दिशा बदलू शकतो. तो प्रश्न सुचण्यासाठी धूळ वायुकोशात काय करते हे समजलेले असावे लागते.

(३) रक्त : सिकलसेल.

मध्य प्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा प्रादुर्भाव आहे. १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलते, ही माहिती विद्यार्थी बिनचूक लिहितात. परंतु हिमोग्लोबिन ८ असलेला सिकलसेलचा रुग्ण चालत दवाखान्यात कसा येतो, असे विचारले की वर्ग गप्प बसतो. या रुग्णाचे हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहज सोडते. म्हणून कमी रक्तातही ऊतींची गरज बरीचशी भागते. ऑक्सिजनचा जो वक्र विद्यार्थी वहीत काढतो तो उजवीकडे सरकतो, याचा अर्थ एवढाच. अशा रुग्णाला ताप आला, उलट्या झाल्या, अंगातील पाणी कमी झाले की लाल पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते, पेशी वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. म्हणून वेळीच पाणी देणे हा येथे उपचाराचाच भाग ठरतो.

(४) हाड आणि दात : फ्लोरोसिस.

धार जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. फ्लोराइड दात व हाड या दोहोंच्या खनिजात शिरते. पण दाताचे कवच एकदा तयार झाले की त्यात जिवंत पेशी उरत नाहीत. त्यामुळे बालपणी पडलेला डाग जन्मभर राहतो आणि मोठेपणी आलेल्या माणसाच्या दातावर तो पडत नाही. हाड मात्र आयुष्यभर मोडत-घडत असते, म्हणून त्यावर परिणाम कोणत्याही वयात होत राहतो. कारण एक, ऊती दोन, परिणाम वेगळे. 'रीमॉडेलिंग' शिकवण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही.

संभाव्य आक्षेप :

या भूमिकेवर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, हा शरीरक्रियेचा नव्हे तर विकृतीचा अभ्यास झाला. आक्षेपात तथ्य आहे. निरोगी क्रिया आधी शिकवलीच पाहिजे. परंतु यंत्र बिघडले की त्याचे कार्य लक्षात येते, हा साधा अनुभव आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ पासून लागू केलेल्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात या विषयाला 'उपयोजित' हे विशेषण जोडले आहे. ते विशेषण मुखपृष्ठापुरते राहू नये.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. व्याख्या विचारल्या जातात तर व्याख्याच पाठ करून घ्याव्या लागतात. हे खरे आहे. पण अंतर्गत मूल्यमापन आपल्या हाती आहे. तेथे 'व्हायटल कपॅसिटीची व्याख्या लिहा' याऐवजी 'एक फुफ्फुस निकामी झालेल्या माणसाची बसल्या जागी आणि जिना चढताना स्थिती कशी असेल, कारणे देऊन लिहा' असे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. उत्तर विद्यार्थ्याने मराठीत, हिंदीत, उर्दूत वा मिश्र भाषेत लिहिले तरी साखळी तुटली नाही ना एवढे पाहावे. इंग्रजीत मांडणे ही दुसरी पायरी आहे. ती शिकवावीच लागेल, कारण नोकरी व पुढील शिक्षण तिच्यावर अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे. स्थानिक उदाहरणांमुळे 'हा आजार अमुक लोकांचा' असा शिक्का बसण्याचा धोका असतो. वर्गात त्या समाजाची मुलेही बसलेली असतात. सिकलसेल विदर्भात, आफ्रिकेत आणि अरबस्तानातही आढळतो, फ्लोरोसिस पाण्यामुळे होतो आणि सिलिकोसिस मालकाने धूळ न रोखल्यामुळे होतो, हे त्याच तासाला सांगितले गेले पाहिजे. तसे न सांगणारा अध्यापक शास्त्रही अपुरे शिकवतो.

निष्कर्ष :

१) पारिभाषिक नामे इंग्रजीत राहिल्याने शरीरक्रियाशास्त्र अवघड होत नाही. कार्यकारणाची वाक्ये विद्यार्थ्याच्या भाषेत न मिळाल्याने ते अवघड होते.

२) मध्य प्रदेशातील २०२२ ची हिंदी पाठ्यपुस्तके संज्ञांच्या बाबतीत व्यवहार्य आहेत. परंतु मूळ ग्रंथाचीच चाल व उदाहरणे राहिल्याने त्यांचा उपयोग मर्यादित होतो. मराठी वा उर्दूत असे पुस्तक करताना भाषांतराऐवजी नव्या मांडणीचा विचार व्हावा.

३) प्रमाण शरीराच्या जोडीला आपल्या परिसरातील शरीरे अभ्यासात यावीत. धार-देवासच्या वर सांगितलेल्या चार उदाहरणांतून श्वसन, रक्त आणि अस्थी या प्रकरणांचा मोठा भाग शिकवता येतो.

४) अंतर्गत परीक्षेतील निदान एक प्रश्न 'कसे' आणि 'का' या स्वरूपाचा असावा.

आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे बहुसंख्य विद्यार्थी मोठ्या शहरातील विशेषज्ञ होणार नाहीत. ते ग्रामीण रुग्णालयात, तपासणी केंद्रात, औषधाच्या दुकानात उभे राहतील. धाप लागलेला मजूर किंवा अंग दुखते म्हणणारे मूल प्रथम त्यांच्यासमोर येईल. त्या क्षणी व्याख्या आठवली नाही तरी चालेल. पुढे काय बिघडणार हे त्यांना कळले पाहिजे.